छातीपाशी अडतंय

माझी मावशी कुठलीही गोष्ट एकदम पूर्ण घेत नाही. पडदे घ्यायचे तर आधी एकाच खिडकीला, तेही जुन्या चादरीचा तुकडा टाचण्यांनी लावून. मग आठवडाभर ती येता-जाता त्या तुकड्याकडे बघते. ऊन कुठवर येतं, हात कुठे लागतो. मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा माझं टेबल कुठे ठेवायचं हे तिनं जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून ठरवलं. काही दिवस आम्ही दोघी त्या कागदी टेबलाला वळसा घालून चालत होतो. आई फोनवर म्हणाली, "धाकटीला विचार, तुलाही आधी थोडीशीच ठेवून बघणार आहे का?"

"विचारतेय काय, तेच तर चाललंय," मावशी मागून ओरडली.

ही सवय तिला कामातून लागली. तरुणपणी ती पंख्यांच्या एका मोठ्या कारखान्यात होती. तिथे नवा पंखा काढायचं ठरलं. मग आराखडे, सह्या, पुन्हा आराखडे, त्यांवर आणखी सह्या, यात वर्षं गेली. पंखा बाजारात आला आणि कळलं, की तो मंद चालवला की बारीक शीळ घालतो. झोपलेला माणूस दचकून उठतो. इतक्या लोकांनी तो पंखा काढला, पण तो लावून कुणी झोपलंच नव्हतं. गोदाम छतापर्यंत भरलं आणि तसंच राहिलं. मावशी म्हणते, "त्या दिवसापासून मी मोठ्या कागदाला घाबरते."

म्हणून ती एका लहानशा कंपनीत आली. तिथे पाच माणसं मिळून एक खोका बनवत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. पुढच्या बाजूला एक मोठं लाल बटण. पडलात, घेरी आली, भीती वाटली, तर दाबायचं. मुलाला नाहीतर शेजाऱ्याला फोन जातो आणि खोका तुमच्याशी बोलतो, म्हणजे मदत येईपर्यंत तुम्ही गप्प भिंतीकडे बघत राहत नाही. काम करायची पद्धत मावशीच्या पडद्यासारखी. थोडंसं बनवायचं, थोड्या घरांत ठेवायचं, लोक काय करतात ते बघायचं, जे कुणी वापरत नाही ते काढून टाकायचं. सुरुवातीला खोक्यात घड्याळ होतं, रेडिओ होता, औषधाची आठवण होती. घराघरांतून एकेक गळत गेलं. शेवटी बटण उरलं आणि आवाज.

कचेरी म्हणजे पूर्वीचं चष्म्याचं दुकान. भिंतींना अजून आरसे होते. लोक चष्मा चढवून स्वतःला निरखत असतील, ते. त्यामुळे पाच माणसं उभी राहिली तरी खोलीत गर्दी वाटायची. आणि उभं तर रोजच राहावं लागे. सकाळी आल्या आल्या सगळ्यांनी गोल करायचा आणि प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. बसायचं नाही, कारण बसलं की माणूस पसरतो. याला ते उभी बैठक म्हणत. माझी आई हे ऐकून खूप हसली होती. "उभ्यानं करायची ती बैठक कसली गं? मग निजून करता त्याला काय म्हणता?"

ही बैठक चालवायचं काम मावशीचं. खोके तपासायचंही तिचंच. तिथे सगळे तिला ताई म्हणत. कुणी लांबण लावली की ती तळहात वर करी आणि म्हणे, "बाजूला." म्हणजे हे आत्ता नको, गोल मोडला की दोघं बाजूला जाऊन बोला. या एका शब्दाचा तिला अभिमान होता.

उरलेल्या चौघांपैकी एक मालक. त्याच्या हुद्द्याच्या इंग्रजी नावातच मालक हा शब्द होता, म्हणून मालक. एरवी बसायची खुर्चीसुद्धा भाड्याची. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे त्यानं ठरवायचं. दुसरी पेन्सिल. ती खोक्याचं रूप काढायची आणि तिच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची. तिसरा मौनी. त्याच्याकडे खोक्याच्या आतलं संगणकाचं काम. तो बैठकीत एवढंच म्हणायचा, "काल तेच, आज तेच, अडलं नाही." आणि चौथे भाऊ. तारा, बॅटरी, माइक, स्पीकर, जे जे डाग देऊन जोडायचं ते सगळं भाऊंचं. वयानं ते मावशीच्या आसपासचे. दोघं एकमेकांना अहो-जाहो करत आणि दिवसभर एकमेकांवर कुरकुरत.

पेन्सिलनं पहिल्याच दिवशी खोक्याचं चित्र बुटक्या माणसासारखं काढलं होतं. तेव्हापासून त्याच्या भागांची नावं तशीच पडली. माइक म्हणजे कान, स्पीकर म्हणजे तोंड, बॅटरीची जागा म्हणजे पोट. पुढचं झाकण, ज्यात ते लाल बटण बसायचं, ती छाती. त्या खोलीतलं बोलणं बाहेरच्या माणसाला दवाखान्यातलं वाटे. "पोट उघडं राहिलंय बघ." "कानात धूळ गेलीय, फुंकर मार." एकदा पार्सल घेऊन आलेला माणूस भाऊंचं "याची छाती काढून ठेवा, मी जेवून येतो," हे ऐकून सही न घेताच निघाला होता.

आवाजाचं असं झालं. पहिले खोके घरांत जायचे होते आणि बोलायला कुणी नव्हतं. मालक म्हणाला, चांगल्या आवाजामागे आत्ताच कशाला लागायचं, बोलणारा खोका लोकांना हवाय की नाही ते तर कळू दे. तात्पुरतं कुणीतरी बोला. मौनी बोलणार नव्हता. पेन्सिलला हसू आवरेना. मग भाऊ सामानाच्या खोलीत गेले, डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि पेन्सिलनं लिहिलेली वाक्यं बोलून आले. "मदत बोलावली आहे. घाबरू नका. मी इथेच आहे." घामाघूम होऊन बाहेर आल्यावर म्हणाले, "घाबरलेला मीच होतो." वाक्याच्या आधी त्यांनी घेतलेला श्वासही त्यात राहून गेला. तो कापायचा होता, पण तात्पुरतंच तर होतं.

त्या सकाळचं मला मावशीनं इतक्या वेळा सांगितलंय, की मी त्या आरशांमध्ये उभी होते असं वाटतं. मौनीचं झालं. मग भाऊंची पाळी. भाऊ म्हणाले, "काल तोंडाचा आवाज वाढवला. आज पोट बंद करणार. आणि छातीपाशी जरा अडल्यासारखं होतंय."

"किती वेळ लागेल?" मावशीनं विचारलं.

भाऊ हसले. "ते आपल्याला कसं सांगता येणार?"

मावशीनं हात वर केला. "बाजूला. नंतर बोलू."

पेन्सिलनं चिठ्ठी लिहिली. भिंतीवरच्या फळ्यावर तीन रकाने होते: चालू, अडलेलं, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, खाली माणसाचं नाव, काम सरकेल तशी चिठ्ठी सरकवायची. तिनं पिवळ्या चौकोनावर लिहिलं, "छातीपाशी अडतंय", खाली "भाऊ", आणि अडलेलंच्या रकान्यात चिकटवली. गोल मोडला. मावशी भाऊंकडे वळणार, तेवढ्यात एका घरून फोन आला, की आजींनी खोका बादलीत पाडलाय. आजी आधी रडत होत्या, मग भांडायला लागल्या. फोन लांबला. मावशीनं ठेवला तेव्हा भाऊ जागेवर नव्हते. बाहेर पायरीवर बसलेले दिसले. ऊन घेत असतील, असं सगळ्यांना वाटलं. पेन्सिल चहा घेऊन गेली आणि तिच्या हातातला कप तिथेच फुटला.

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या घरी माणसं येत-जात होती. भाऊंच्या बायकोनं, वहिनींनी, गर्दीतून मावशीला आत बोलावलं, दार लोटलं आणि विचारलं, "ताई, सकाळी ते काही बोलले होते का?"

मावशी म्हणाली, "नाही हो वहिनी. कामाचंच बोलले."

वहिनींनी मान हलवली आणि दार उघडलं.

ती चिठ्ठी तशीच राहिली. त्यांच्यात नियम होता, ज्याची चिठ्ठी त्यानंच सरकवायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. बाकीच्या चिठ्ठ्या रोज इकडून तिकडे जात, खाली पडत, नव्या येत. ती एक पिवळी जागची हलली नाही. पंख्याच्या वाऱ्यानं तिची खालची कड थोडी उचलली जायची आणि परत बसायची. उभ्या बैठकीत आता चौघं असत, पण भाऊंची जागा कुणी न ठरवताच मोकळी सुटायची. मौनीचं बोलून झालं की क्षणभर सगळे थांबत. मग मावशी पुढच्याला खूण करी.

मावशीच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. भाऊ कुठल्या छातीबद्दल बोलत होते?

खोक्याच्या छातीपाशी खरंच बटण अडत असेल, तर ती वहिनींशी खरं बोलली होती. भाऊ कामाचंच बोलले होते, तिनं हात वर करून कामच बाजूला ठेवलं होतं, आणि पुढे जे झालं ते कुणाच्याच हातात नव्हतं. पण बटण अडत नसेल, तर?

तिनं बटण दाबायला सुरुवात केली. कचेरीत, आणि कचेरीतून पिशवीत घालून आणलेल्या खोक्यांवर घरी. अंगठ्यानं, करंगळीनं, तळहातानं, कोपरानं, ओल्या हातानं. खोका फ्रिजमध्ये ठेवून, उन्हात ठेवून. फोन जाऊ नये म्हणून आतली एक तार काढलेली असायची, पण आवाज यायचाच. आधी श्वास. मग, "मदत बोलावली आहे. घाबरू नका. मी इथेच आहे." मी पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि पलीकडच्या खोलीतून एक गेलेला माणूस आम्हाला घाबरू नका म्हणत राहायचा. संध्याकाळी दूध तापत असताना, कपडे घडी होत असताना. हळूहळू मला वाक्यं ऐकू येईनाशी झाली, फक्त आधीचा श्वास ऐकू यायचा. मावशीलाही तोच येत असावा. एकदा ती म्हणाली, "हा श्वास बघ. तेव्हाच धाप लागत होती का गं त्यांना?"

"घोंगड्यात होते ना, मावशी."

"हो. घोंगडंच." आणि पुन्हा बटण.

आईनं फोनवर ते मागून ऐकलं. "काय चाललंय तिचं? लिफ्ट आहे का ती, सारखं बटण दाबायला?" मी सांगितलं. आई म्हणाली, "तिला जेवायला घाल."

कचेरीत मालकानं आवाज बदलून बघितला. एका कसलेल्या माणसाचा, गोड, खणखणीत. अर्ध्या घरांत तो घातला, अर्ध्या घरांत भाऊच राहू दिले. आठवडाभरात नव्या आवाजाच्या घरांतून फोन. पहिला माणूस कुठे गेला? हा बातम्या देतोय की काय? तो पहिला आपल्यातला वाटायचा. मालक फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "लोकांना हवाय तो राहील. आपण कोण ठरवणारे?" त्यांच्या कामाचा नियमच तो होता. पेन्सिल उठून बाहेर गेली. भाऊंचा आवाज आता तात्पुरता नव्हता.

त्यानंतर जास्त घरांत खोके पाठवायची वेळ आली. मावशी आडवी आली. छातीचं तपासून झाल्याशिवाय एकही जाणार नाही.

"ताई," मालक म्हणाला, "एका तरी घरातून तक्रार आलीय का?"

"नाही."

"जी अडचण कुणाला आलीच नाही ती सोडवत बसायचं, याला तुम्हीच तर वाया घालवणं म्हणता. मला शिकवलंत तुम्ही हे."

"भाऊंना आली होती."

शेवटी मौनी म्हणाला, "जाऊ द्या खोके. ताई तपासत राहतील." आणि तो कीबोर्डकडे वळला. इतकं लांब वाक्य तो कधी बोलला नव्हता, म्हणून सगळ्यांनी ते मान्य केलं. खोके गेले.

मग एका आजोबांचा फोन आला.

मला सुट्टी होती, म्हणून मीही मावशीबरोबर गेले. चौथा मजला, दारात चपलांचा एकच जोड. जिन्यातच आवाज ऐकू येत होता. "मी इथेच आहे. मदत बोलावली आहे. घाबरू नका. मी इथेच आहे." आजोबांनी दार उघडलं ते कानात बोटं घालून.

"तुमचा माणूस थांबत नाही हो! मी म्हटलं, बाबा, कळलं, आहेस तू इथे, आता मुकाट्यानं बस. तर ऐकेना. मुलाचे फोनवर फोन. त्याला वाटलं मी गेलोच."

"काय केलंत तुम्ही आजोबा?"

"काही नाही. जरा पुसत होतो फडक्यानं. चांगलं ठेवतो मी सामान."

बटण आत गेलेलं होतं आणि बाहेर येत नव्हतं. फडक्यानं पुसताना ते कडेनं, तिरकं दाबलं गेलं होतं आणि झाकणाच्या कडेखाली अडकलं होतं. मावशीनं नखानं ते उचकलं. भाऊ थांबले. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. तिनं पुन्हा कडेनं दाबलं. अडलं. उचकलं, दाबलं. अडलं.

ती हसायला लागली. मी तिला कित्येक महिन्यांत हसताना बघितलं नव्हतं. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "यांचं वस्तू बिघडली की असंच होतं का?" जिना उतरताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता. "अडतंय गं! खरंच अडतंय! भाऊ बरोबर होते. कामाचंच बोलत होते ते."

कचेरीत खोका फिरला. प्रत्येकानं कडेनं दाबून बघितलं. मालकानं मावशीची माफी मागितली, हात जोडून, नाटकी, पण मनापासून. सगळ्यांना हायसं वाटत होतं आणि कशाचं ते कुणी बोलत नव्हतं. झाकणं बनवून देणाऱ्या साचेवाल्याला निरोप गेला, कड घासून दिली गेली. नंतर पेन्सिल म्हणाली, "सरकवू का मी? भाऊंच्या वतीनं?" मावशीनं मान डोलावली. पिवळी चिठ्ठी अडलेलंमधून निघाली आणि झालंच्या रकान्यात गेली. जुनी झाल्यामुळे चिकटेना, म्हणून पेन्सिलनं वर टाचणी मारली. मावशी घरी आली, जेवली, माझ्या ताटातलंही खाल्लं आणि कधी नाही ते गुणगुणत भांडी घासली. तिनं घरी आणलेले खोके परत पिशवीत भरले. घरात शांतता आली. मला मात्र करमेना. तो श्वास ऐकायची सवय लागली होती.

साचेवाला दुरुस्त झाकणं घेऊन आला तेव्हा चहा पिता पिता सहज बोलून गेला, "नव्या साच्याची चूक हो ही. माझ्या पोरानं कड जरा उंच ठेवली. जुन्यात असं नव्हतं."

मावशीनं विचारलं, "नवा साचा कधी आला आपल्याकडे?"

"भाऊ गेल्यावर. नाही का, मी भेटायला आलो तेव्हा नवी झाकणं बरोबर होती आणि तुम्ही म्हणालात, आलाच आहात तर बघून टाकते."

तो गेला. मावशीनं सामानाच्या खोलीतून जुन्या साच्यातले सगळे खोके काढले, धूळ पुसली, बॅटऱ्या घातल्या. त्यांतला एक भाऊंच्या टेबलावरचा होता. त्या सकाळी ते ज्याचं पोट बंद करणार होते तो. ते अजून उघडंच होतं. तिनं प्रत्येकाचं बटण कडेनं दाबलं. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, फडक्यानं. बटणं आत जात आणि टुणकन बाहेर येत. एकही अडलं नाही. एकामागून एक भाऊ बोलत गेले. घाबरू नका, घाबरू नका. पेन्सिल आणि मालक बाहेर गेले होते. मौनी आपल्या जागेवरून बघत होता.

तो उठून तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, बस करा."

"यात अडत नाही रे. एकातही नाही."

"नाहीच अडणार." तो खाली बघत होता. "बोलताना त्यांचा हात शर्टावर होता. इथे. मी समोर होतो. मला आरशातपण दिसला."

मावशीनं हातातला खोका खाली ठेवला. "मग तू बोलला का नाहीस?"

"माझी पाळी होऊन गेली होती," मौनी म्हणाला.

गोलात आपली पाळी झाल्यावर मध्ये बोलायचं नाही, हे तिनंच त्याला शिकवलं होतं, आणि सगळ्यांत चांगलं तोच शिकला होता. तिनं खोके परत आत ठेवले. भाऊंच्या खोक्याचं पोट बंद करायला घेतलं आणि मग तसंच ठेवलं.

मला हे तिनं त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून सांगितलं. मग म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर वहिनींकडे चल. एकटी गेले तर खालूनच परत येईन."

वहिनी कपडे दुरुस्त करायचं काम करतात. खिडकीशी मशीन, बाजूला पँटींचा ढीग, प्रत्येकीला कागदाचा तुकडा टाचलेला. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. त्या तशाच धरून त्यांनी मानेनं बसा म्हटलं. मावशी बसली नाही.

"वहिनी, तुम्ही मला विचारलं होतंत. त्या सकाळी काही बोलले होते का."

वहिनींनी टाचण्या काढून मशीनवरच्या छोट्या गादीत खोचल्या.

"मी कामाचंच म्हणाले. ते खरं नव्हतं. म्हणजे तेव्हा मला माहीत नव्हतं खरं काय ते, पण शंका होती, आणि मी सांगितलं नाही. ते म्हणाले, छातीपाशी अडल्यासारखं होतंय. आमच्यात खोक्याच्या झाकणाला छाती म्हणतात. आम्ही लिहून घेतलं आणि पुढे गेलो. मी हात वर केला. नंतर बोलू म्हणाले."

मशीनवर अर्धी शिवलेली पँट होती. वहिनी तिच्यावरून हात फिरवत होत्या, चुणी काढल्यासारखा.

"मलाही म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "बूट घालताना. इथे, या दारात. छातीत अडतंय गं. मी म्हटलं, रात्री इतक्या उशिरा जेवल्यावर अडेल नाहीतर काय होईल. वाटेत सोडा प्या, म्हटलं." त्यांनी पहिल्यांदा मावशीकडे नीट बघितलं. "म्हणून विचारलं होतं तुम्हाला. मला वाटलं, तिथेही कुणाला सांगितलं असेल. आणि तुम्ही म्हणालात, कामाचंच. म्हणजे मला एकटीलाच सांगितलं. सगळ्या जगात फक्त मला, आणि मी सोडा प्या म्हणाले."

मावशी एक पाऊल पुढे आली.

"इतके महिने ताई," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मला वाटलं खिडकीची काच थरथरतेय. "इतके महिने मी एकटी घेऊन बसलेय हे. पोरीलासुद्धा बोलले नाही. तुम्हाला एक शब्द सांगता आला नाही?"

"नाही आला," मावशी म्हणाली.

"स्वतःला वाचवायला?"

"हो."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी त्याला ये, ये, अजून ये म्हणत होतं. मला वाटलं आता वहिनी आम्हाला जायला सांगतील. त्यांनी तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी ढिगातल्या पँटी उचलून जमिनीवर ठेवल्या. ज्या खुर्चीवर त्या होत्या ती मोकळी झाली.

"बसा," त्या म्हणाल्या. राग तसाच होता. "पहिल्यापासून सांगा. दारातून आत आले तिथपासून. काय घातलं होतं, कुणाशी काय बोलले, हसले का. सगळं."

"वहिनी, खूप बारीकसारीक आहे ते. तोंडाचा आवाज वाढवला म्हणाले, पोट बंद करणार म्हणाले..."

"तोंडाचा?" वहिनींनी विचारलं.

मावशी खुर्चीवर बसली आणि तिनं तोंड म्हणजे काय ते सांगायला घेतलं.